ओट्यावरची मच्छरदाणी

मी मच्छरदाणी, आणि माझी जागा पलंगावर असते हे मलाही ठाऊक आहे. स्वयंपाकाच्या ओट्यावर माझं काय काम, असं तुम्ही विचाराल. तेच तर सांगायचंय. माणसं आमच्या आत शिरली की बोलत सुटतात, रुसतात, रात्रभर घोरतात आणि सकाळी "मी कुठे घोरतो?" म्हणून वर आपल्यालाच विचारतात. आम्ही मुकाट ऐकून घेतो. आज जरा तुम्ही ऐका.

माझा जन्म उल्हासनगरचा, १९८० सालचा. तिथल्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये एका बाजूला परकर शिवले जात आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. आमचा सिंधी शेठ गिऱ्हाइकासमोर मला दोन्ही हातांनी ताणून धरायचा आणि म्हणायचा, "देखो भाई, मच्छर छोडो, हवा भी पूछ के अंदर जाएगी!" हे साफ खोटं होतं. हवा मी कधी अडवली नाही. डासाला मात्र मी कधी आत घेतलं नाही, तो शिरलाच असेल तर माणसांच्या गबाळेपणामुळे.

मला घेतलं शिवरामने. अंबरनाथ पश्चिमेला चाळीतल्या दोन खोल्या, काडेपेटीच्या कारखान्यात नोकरी, घरात बायको रखमा आणि एकुलता मुलगा भगवान. त्या साली भगवानला हिवताप झाला होता. पोर तापाने फणफणलेलं, अंगावर दोन गोधड्या टाकूनही कुडकुडणारं. शिवराम तडक कॅम्पात आला, शेठशी फार घासाघीसही न करता मला काखोटीला मारलं आणि घरी नेलं.

रखमा मूळची चामटोली गावची. तिला मी म्हणजे शहरी नखरा वाटले. "जाळ्यात निजायला आपण काय मासळी हाव का?" असं म्हणून तिने पहिल्याच दिवशी माझी पायरी मला दाखवून दिली. पण पोराचा ताप उतरला, आणि बाई बदलली. रोज झोपायच्या वेळी ती पलंगाभोवती फिरायची, गादी उचलायची आणि माझा काठ तळहाताने आत सरकवत खोचत जायची. सगळं खोचून झालं की पुन्हा एकदा हात फिरवून बघायची. कुठे बोटभर फट दिसली तर तिला चैन पडायचं नाही. शिवराम हसायचा. "अगं, डास हाय तो. वाघ नाय."

"तुम्ही निजा गप," ती म्हणायची आणि आणखी घट्ट खोचायची.

मला ते फार आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही. इतक्या मायेने आपल्याला कुणी हाताळावं, यासारखं सुख कापडाच्या जातीला दुसरं नाही.

शिवराम अठ्ठ्याऐंशी साली गेला. भगवान तोवर एका कंपनीत लागला होता. औषधांच्या कारखान्यांत रसायनाच्या फरशा ओतायचं त्याचं काम. त्याचं लग्न झालं, उल्हासनगरची वृंदा घरात आली आणि तिच्या पाठोपाठ छताचा पंखा आणि डासांची कॉइल. "आये, जाळीत गरम होतं," भगवान म्हणाला, आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. फुटका स्टोव्ह आणि तळ गेलेली बादली यांच्या संगतीत मी चार वर्षं काढली. मी रुसले होते. पण मच्छरदाणी रुसली तरी कुणाला कळणार?

माळ्यावरून घरातलं सगळं ऐकू यायचं. वृंदा सामाईक नळाजवळ शेवाळावर घसरून पडली, पाठीला जबर मार बसला, तेही मी तिथूनच ऐकलं. डॉक्टरने सांगितलं, जमिनीवर बसणं बंद, वाकणं बंद. आणि या घरातला सगळा स्वयंपाक जमिनीवर! वृंदाने हळूच ओट्याचा विषय काढला. रखमाने फणकाऱ्याने उत्तर दिलं, "उभ्यानं रांधायला आपलं घर काय हाटेल हाय?"

वृंदा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मग आत्या, मला बसता यायला लागलं की येईन मी." आणि ती माहेरी गेली. तिथे ओटा होता.

घर एकदम सुनं झालं. रखमाने भाकरी थापली तर ती करपायची. आधी कधी तिची भाकरी करपली नव्हती. भगवान अर्ध्या ताटावरून उठायचा. एक महिना गेला, दुसरा गेला, आणि एके दिवशी तो विटा घेऊन आला. "ओटा घालतोय," एवढंच बोलला. सिमेंट कालवायला पाणी रखमाने आपणहून आणून दिलं.

विटा आणि सिमेंटचा ओटा उभा राहिला. पण भगवानच्या डोक्यात त्यावर कारखान्यातली फरशी ओतायची होती. एपॉक्सी म्हणतात तिला. एका डब्यात काकवीसारखा घट्ट माल, दुसऱ्यात त्याला घट्ट करणारं औषध. दोन्ही कालवून ओतलं की आपोआप पसरतं आणि एका रात्रीत दगडासारखं कडक, आरशासारखं लख्ख होतं. हळदीचा डाग पडत नाही, झुरळाला फट मिळत नाही. एका कामावर थोडा माल उरला होता, तो साहेबांनी सही करून त्याला दिला.

"आये, हे एकदाच ओतायचं," तो म्हणाला. "बिघडलं तर परत माल नाय. म्हणून आधीची तयारी सगळ्यात मोठी."

आणि मग त्या तयारीने घर डोक्यावर घेतलं. भांडी पलंगाखाली गेली, पीठमिठाचे डबे बाहेरच्या खोलीत. बुद्धाची तसबीर जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. भगवानने ओटा घासला, धूळ झाडली, ओल्या फडक्याने पुसला, वाळू दिला. सिमेंटमध्ये ओल उरली आहे का ते पाहायला त्याने प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी खालून बघितला. पाणसळ लावून ओटा सपाट आहे का ते तपासलं. कडेने लाकडी पट्ट्या ठोकल्या, म्हणजे माल खाली ओघळायला नको. जमिनीवर प्लास्टिक अंथरलं. पंखा बंद, झाडू बंद, बल्ब बंद, कारण उजेडाला किडे येतात.

"डास बसला ना त्यावर, तर जन्मभर तिथंच," भगवान म्हणाला.

रखमाने वर पाहिलं. "मग माळ्यावरची जाळी काय कामाची?"

मला खाली काढलं! रखमाने मला साबणाने धुतलं, उन्हात वाळवलं, भोकं बोटांनी चाचपत एकेक करून रफू केली. भगवानने चार खिळ्यांना बांधून मला ओट्यावर ताणलं, माझा काठ पट्ट्यांच्या बाहेर मोकळा सोडला. पलंग नव्हता तर नव्हता. पुन्हा कामाला लागले होते.

पण सगळ्यात अवघड तयारी निराळीच होती. धूळ आत येऊ नये म्हणून दार बंद ठेवायचं होतं. आमच्या चाळीत दिवसाढवळ्या दार लावतं कोण? शेजारची गयाबाई विरजण मागायला सरळ चुलीपर्यंत येणारी. बंद दार बघून ती गॅलरीत मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "सून गेली ती गेलीच. आता दारंबी लावून घेतली. कळतं हो लोकांना."

रखमा दाराच्या आत उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला. ती भगवानकडे वळली आणि म्हणाली, "नीट ओत रं बाबा. वृंदा आली पायजे घरात."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर भगवानने माल कालवला आणि ओतला. वास उग्र होता. पण तो माल कसा पसरला म्हणून सांगू! मी वरून पाहत होते, त्यात माझी जाळी न् जाळी दिसत होती. भगवानचा ऊर भरून आला. "आता उद्यापर्यंत कुणी हात नाय लावायचा," असं बजावून, रखमाला बाहेरच्या खोलीत बसवून तो उल्हासनगरला निघाला. वृंदाला सांगायला, की ओटा झाला, परवा न्यायला येतो.

तिन्हीसांज झाली. डासांची वेळ. रखमाने आत डोकावून पाहिलं. बल्ब लावायचा नव्हता, डोळ्यांत मोतीबिंदू. त्या अंधुक उजेडात तिला एकच दिसलं. माझा काठ मोकळा लोंबत होता.

"अगं बाई! सगळी फट उघडी."

पुढे काय झालं त्यात तिचा विचार नव्हता, तिच्या हातांची सवय होती. ती ओट्याशी आली, माझा काठ उचलला आणि पट्टीच्या आत तळहाताने सरकवत खोचत गेली. अगदी पहिल्यासारखं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं रखमा, ही गादी नव्हे! पण मी ओल्या मालात रुतत गेले. हातभर खोचून झाल्यावर तिची बोटं चिकटली. तिने ती नाकाशी नेली आणि जागच्या जागी बसली.

भगवान खुशीत परतला. त्याने आत येऊन पाहिलं आणि वाकून माझा रुतलेला काठ बोटाने चाचपला. माल आवळत आला होता. मला ओढलं असतं तर सगळा पृष्ठभाग उचलला गेला असता.

"माझ्या हातानं झालं रं," रखमा म्हणाली.

"असू दे, आये." भगवान म्हणाला. त्याने कात्री आणली आणि मला काठापासून कापलं. दुखलं का, असं विचारू नका. हातभर काठ ओट्यात राहिला, त्याच्या बाजूला रखमाच्या बोटांचे खळगे. "हे असलं दाखवू तिला? एवढ्या बढाया मारून आलोय. सकाळी जाऊन सांगतो, आत्ता नको येऊस. पुढच्या कामावर माल उरला की तोडून परत ओततो."

"आन् ती काय समजंल?"

भगवान कात्री ठेवून आडवा झाला.

सकाळी तो उठायच्या आत रखमाने माझा कापलेला वीतभर तुकडा पिशवीत टाकला आणि एकटीच उल्हासनगर गाठलं. सून गेल्यापासून तिने विहीणबाईंचा उंबरठा ओलांडला नव्हता. वृंदा ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती. रखमाने पाणीसुद्धा घेतलं नाही. तुकडा पुढे केला.

"तुझा ओटा मी बिघडवला बघ. डास शिरंल म्हणून जाळी खोचली, ती त्यातच आवळली. भगवानचा काय दोष नाय." मग ती आणखी पुढे सरकली. "तो म्हणतो थांब. मी म्हणते, चल. ओटा असू दे कसाबी. तुझ्याबिगर घरात जेवण उतरत नाय गं, पोरी."

वृंदाने तुकडा हातात घेतला. आधी तिला नीट कळलं नाही. मग कळलं.

"आत्या, तुम्ही ओट्याला झोपवलंत?"

ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली आणि पाठीला हात लावून पुन्हा हसली. त्याच दुपारी ती घरी आली. निदान रुतलेला काठ तरी तासून काढावा म्हणून भगवान ओट्याशी छिन्नी घेऊन उभा होता. वृंदाने त्याच्या हातातून छिन्नी काढून घेतली, काठावरच्या त्या खळग्यांमध्ये आपली बोटं ठेवून पाहिली, आणि म्हणाली, "याला हात लावायचा नाही. माझ्यासाठी झालेला ओटा आहे हा."

दार उघडंच होतं. गयाबाई विरजण मागायला आली ती जेवूनच गेली.

त्याला आता दोन वर्षं झाली. माझा उरलेला भाग खिडकीला ठोकलाय, एक तुकडा दुधाच्या पातेल्यावर असतो. पण खरी मी ओट्यात आहे. वृंदा भाकरी थापायला उभी राहिली की हल्ली तिचं पोट माझ्या काठाला टेकतं. सातवा लागलाय. रखमा ओरडते, "मागं सर गं, लागंल!" आणि वृंदा बोटभरसुद्धा सरकत नाही.

बाळासाठी नवी मच्छरदाणी घ्यायचं चाललंय. भगवान कॅम्पात जाऊन बघूनही आलाय. ती मला दिसेल, पण ओट्यातून माझा आवाज तिच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून तुम्हालाच विनवते. तुमच्यापैकी कुणी या घरी आलं तर तिच्या कानात एवढं सांगा. रात्री एक म्हातारी पलंगाभोवती फिरेल, डोळ्यांना दिसत नसताना तुला खोचत जाईल. बाळाच्या पायाखाली खोचेल, उशीखाली खोचेल, भलत्याच ठिकाणी खोचेल. सुटायची धडपड करू नकोस. तिने जिथे खोचलं, तिथेच राहा.