बरोबर निघालेला थर्मामीटर

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. माणसांचा ताप बघणारा नव्हे, पाण्याचा. काचेची नळी, आत लाल रेघ आणि अंगावर बारीक खुणा, एवढाच माझा संसार.

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या एका औषध कारखान्यात मी कामाला लागलो. तिथे वैदेही पाणी तपासायची. पाण्यात सूक्ष्म जीव सापडले की सगळ्यांची तारांबळ उडे. पुढे डिजिटल मंडळी आली आणि माझी रवानगी कचऱ्यात होणार, तोच वैदेहीने मला घरी आणले. रविवारी ती मला ओढ्यात बुडवी, दगड उलटून किडे मोजी आणि भरपूर सापडले की चक्क खूश होई! बाईचे डोके ठिकाणावर आहे ना, असे मला वाटे. वर्षभरात तिने नोकरी सोडली, नद्यांतल्या जीवसृष्टीचा अभ्यास धरला आणि मागच्या उन्हाळ्यात मला घेऊन थेट आर्क्टिकच्या नदीवर गेली.

तिथे डिजिटल यंत्र पहिल्याच आठवड्यात वाहून गेले. सगळी भिस्त माझ्यावर. मी सांगितले, चौदा अंश. त्याच जागेच्या जुन्या नोंदी होत्या आठच्या. माझे मलाच खरे वाटेना.

घरी परतल्यावर तिचा नवरा सलील म्हणाला, "अगं, म्हातारा झालाय तो. नवा घे, नेक्स्ट इयर परत जा. ग्रँड!" सगळे ठीक आहे म्हणायला आयर्लंडमध्ये 'ग्रँड' म्हणतात.

"नेक्स्ट इयर कोण पाठवणार मला? हा चुकला असेल तर सगळा उन्हाळा वाया. प्रोजेक्टमधून नाव जाईल माझं."

तिने बर्फ कुटून पेल्यात भरला, थोडे पाणी ओतले आणि मला त्यात उभे केले. वितळत्या बर्फात शून्य दाखवले, तर मी बरोबर. मित्रांनो, मी फार घाबरलो होतो. रेघ खाली आली आणि बरोबर शून्यावर थांबली.

"वाचलीस!" सलील ओरडला.

वैदेही हसली. मग मटकन खुर्चीत बसून रडू लागली.

"आता काय झालं?"

"म्हणजे नदी खरंच तापलीय रे."

मी पार गोंधळलो. तिची मेहनत वाचली म्हणून आनंद मानू, की रडू? जन्मात पहिल्यांदा वाटले, मी बिघडलेला निघालो असतो तर किती बरे झाले असते.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. मी फुटलो तर दुसरा मिळेल. फक्त नको ते सांगितले म्हणून मला खोटा ठरवू नका.