त्वेतांच्या ट्रॅक्टरची पिवळी ठिणगी

जूनमध्ये सेल्मर त्वेतचा फोन आला. आधी तो पावसाबद्दल बोलला, मग मक्याबद्दल, आणि मग म्हणाला, "लाइल, ट्रॅक्टरची ठिणगी जरा मंदावलीय." सेल्मरच्या तोंडी 'जरा' म्हणजे ट्रॅक्टर तीन दिवस सुरूच झालेला नव्हता.

मी चाळीस वर्षं आमच्या तालुक्याच्या शाळेत वर्कशॉप शिकवलं. निवृत्त झाल्यापासून आसपासचे म्हातारे ट्रॅक्टर माझ्याकडे आले, कारण नव्या मेकॅनिकांना त्यात कॉम्प्युटर जोडायला जागा सापडत नाही. सेल्मरचा ट्रॅक्टर अठ्ठेचाळीस सालचा. सेल्मर त्याच्याहून मोठा, ब्याऐंशी वर्षांचा. मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांमुळे गाडीचं लायसन्स काढून घेतलं होतं. ट्रॅक्टरला लायसन्स लागत नाही.

मी गेलो. एका प्लगची वायर काढून तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून पाव इंचावर धरलं आणि सेल्मरने स्टार्टर दाबला. चांगली ठिणगी निळी पडते आणि ताडकन वाजते. ही पिवळी होती, दोऱ्यासारखी बारीक, आणि आवाजही नव्हता. बॅटरी ठीक होती. मी ठिणगीला जोर देणारा कंडेन्सर बदलला, आणि हात तिथे होताच म्हणून पॉइंटही पॉलिश पेपरने घासले. पॉइंट म्हणजे धातूच्या दोन टिकल्या. त्या मिटतात आणि उघडतात, आणि त्या उघडझापीवर ठिणगीचं सगळं चालतं. ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात सुरू झाला.

"कंडेन्सर," सेल्मर म्हणाला.

"कंडेन्सर," मीही म्हणालो.

दोन गोष्टी एकदम केल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही. हे मी मुलांना दरवर्षी सांगायचो आणि विसरणाऱ्याचे मार्क कापायचो.

बारा दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा पिवळी ठिणगी. या वेळी मी ठिणगीची वीज वाढवणारी कॉइल बदलली. पॉइंट जरा मळकट वाटले म्हणून तेही पुसले. ट्रॅक्टर सुरू झाला. सेल्मरची बायको आर्डिस स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तिने हात केला नाही, पण ती दोघं तशी फारशी हात करणाऱ्यांतली नाहीत.

जुलैच्या शेवटच्या मंगळवारी तिसरा फोन आला, तेव्हा मला माझीच लाज वाटली. ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बघायची. सेल्मरला पॉलिश पेपर शोधायला शेडमध्ये पाठवलं, डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे पॉइंटवरच्या डबीची, कॅप काढली, तिच्याखालचा रोटर उपसला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पॉइंट उघडून आत पाहिलं.

टिकल्यांवर गुलाबी रंग होता.

मी नखाने खरवडला. पातळ पापुद्रा निघाला; असल्या पापुद्र्यातून वीज धड जात नाही. मान वर केली तर आर्डिस कॉफी आणि आंबटगोड रूबार्बच्या वड्यांचं ताट घेऊन उभी होती.

"नेलपॉलिश," मी म्हणालो.

"बिनरंगी संपलं," ती म्हणाली.

मी वडी घेतली.

"तिन्ही वेळा तूच?"

"हो."

"मी कॉइल बदलली, आर्डिस. कंडेन्सर बदलला."

"बघत होते. वाईट वाटत होतं."

तिने ताट मडगार्डवर ठेवलं, शेडकडे एकदा पाहून घेतलं आणि सांगितलं. मागच्या ऑक्टोबरात सेल्मर रस्त्याकडेच्या चरीच्या उतारावर ट्रॅक्टरने गवत कापत होता. डाव्या बाजूचं त्याला दिसत नाही. तिने खिडकीतून पाहिलं, ट्रॅक्टरचं चढाच्या बाजूचं मागचं चाक जमिनीपासून वीतभर उचललं गेलं, थोडा वेळ तसंच फिरत राहिलं आणि मग खाली बसलं.

"तो घरात आला, सूप प्यायला, काही बोलला नाही," ती म्हणाली. "मीही काही बोलले नाही. मला वाटलं, तो सांगेल."

"तू तरी विचारायचंस."

"लाइल, आमच्या लग्नाला अठ्ठावन्न वर्षं झाली. असं एकदम कसं विचारणार?"

सेल्मर पॉलिश पेपर घेऊन आला. मला आर्डिसची बाजू घ्यायची होती. पण ठिणगीबाबत मी कधी कुणाशी खोटं बोललो नव्हतो, आणि या वयात सुरुवात करायची इच्छा नव्हती.

"पॉइंटवर लेप बसलाय," मी म्हणालो. एवढंच.

"बघू."

तो वाकला. मान वाकडी केली, उजवा डोळा जवळ नेला, मग आणखी जवळ, नाक जवळजवळ इंजिनला लागेपर्यंत. बराच वेळ तसाच राहिला.

"साफ आहेत की," तो म्हणाला.

मी कॉफीच्या कपात पाहिलं.

"गुलाबी आहेत, सेल्मर," आर्डिस म्हणाली. "चांगले भडक गुलाबी आहेत. मी लावलंय."

तो सरळ झाला. पॉलिश पेपरची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. त्याचा चेहरा मी त्याच्या भावाच्या अंत्यविधीलाच तसा पाहिला होता.

"ते लावायला कॅप काढावी लागते," तो शेवटी म्हणाला.

"काढली."

"रोटर काढावा लागतो."

"काढला. परत बसवला. ट्रॅक्टरच्या पुस्तकात चित्र आहे."

"पॉइंटमधलं अंतर?"

"त्याला हात लावला नाही."

"हं," सेल्मर म्हणाला, आणि घरात गेला. वड्यांना त्याने हात लावला नाही. आर्डिस तिथेच उभी राहिली. तिचे हात ॲप्रनच्या खिशात होते. मी पॉइंट घासून स्वच्छ केले, कारण समोर तेच काम होतं. ठिणगी निळी पडली.

आठवडाभर तो तिच्याशी बोलला नाही. हे मला तिने सांगितलं. मला बाहेरून फरक कळला नसता. पुढच्या सोमवारी नाश्त्याच्या टेबलावर त्याने ट्रॅक्टरची किल्ली तिच्या ताटाशेजारी ठेवली.

"चाक उचललं तेव्हा मी घाबरलो होतो," तो म्हणाला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "सूप प्यायलास, पण ब्रेड खाल्ला नाहीस."

त्या दुपारपासून सपाट शेतातलं गवत आर्डिस कापू लागली. सेल्मर कुंपणाला धरून उभा राहायचा आणि इंजिन ऐकायचा.

"दुसऱ्या गिअरमध्ये घाल!"

"दुसऱ्यातच आहे."

"मग ठीक आहे."

चरीला मात्र तिने हात लावला नाही. तिथलं गवत कमरेएवढं वाढलं. चर्चमध्ये कुणीतरी विषय काढला तर सेल्मर म्हणाला, "आर्डिसला विचारा. ड्रायव्हर ती आहे." आर्डिस म्हणाली, "तिथे उतार आहे," आणि विषय संपला.

ऑगस्टअखेर मी माझा ट्रॅक्टर घेऊन गेलो आणि चर कापून दिली. दोनदा माझंही चाक हललं; ते मी घरी सांगितलं नाही. सेल्मर पत्रपेटीजवळ खुर्ची टाकून बसला होता. मी इंजिन बंद करून उतरलो.

"वाकडीतिकडी कापलीस," तो म्हणाला.

"तुला दिसलं?"

"दिसायला कशाला हवं? तू कापलीस ना."

आर्डिसने जेवायला हाक मारली. तो उठला, खुर्चीची घडी केली आणि माझ्या कोपराला धरून, डाव्या बाजूला मला ठेवून, घराकडे चालू लागला.