दाजींचा कचरा

आपिसाईचा फिजीमधल्या लेवुका शहरातल्या कुठल्याच दुकानदारावर विश्वास नव्हता. संगणकवाल्या राजनीलवर तर मुळीच नव्हता, कारण राजनील फार गोड बोलायचा. म्हणून मुलीच्या बिघडलेल्या लॅपटॉपचं काहीतरी करायला बुधवारच्या बोटीनं आपल्या बेटावरून शहरात जाताना त्यानं लॅपटॉप घरीच ठेवला. दुकानात यंत्र दिलं की हे लोक आतले चांगले भाग काढून घेतात आणि दुसऱ्याचे रद्दी भाग त्यात बसवतात. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यालाच सुचलं होतं, त्यामुळे ते जास्तच खरं होतं.

"लॅपटॉप कुठाय, काका?" राजनीलनं विचारलं.

"बेटावर."

"आणि बिघडलंय काय?"

"लॅपटॉप."

राजनीलनं एक उसासा टाकला आणि खणातून एक नवाकोरा पेनड्राइव्ह काढला. लॅपटॉपची सिस्टीम गेली असणार, म्हणाला, ती नव्यानं घालावी लागेल. या पेनड्राइव्हवर मी ती अशी चढवून देतो, की लॅपटॉप चालू होतानाच याच्यावरून चालू होईल. पुढचं मुलगी करेल. "फक्त यावरचं सगळं आधी पुसलं जाईल हं."

"रिकामाच आहे ना तो?"

"हो."

"मग पुसतोस काय?"

"पद्धत असते, काका. आणि ही सिस्टीम फुकट आहे, तिचं काही द्यायचं नाही."

हे ऐकल्यावर आपिसाईनं स्टूल ओढून पडद्यासमोर आणलं. बायबलमध्येही फुकट गोष्टींच्या मागे काहीतरी अट असतेच, असा त्याचा अनुभव होता. पडद्यावरची हिरवी पट्टी शेवटपर्यंत भरली, तोवर तो जागचा हलला नाही. राजनीलनं पेनड्राइव्ह संगणकाला तसाच लावून ठेवला, संगणक बंद करून पुन्हा चालू केला, एक बटण दाबून धरलं. निळा पडदा आला, स्वागत झालं.

"पटलं?"

"दिसलं," आपिसाई म्हणाला. पटण्याचं त्यानं घरी जाऊन बघू म्हटलं.

मुलीची, लितियानाची, नर्सिंगची प्रवेशपरीक्षा शुक्रवारी होती, घरूनच संगणकावर द्यायची. फोनवर ती चालत नव्हती. गेल्या वर्षी ऐन परीक्षेत वादळानं टॉवर पाडला आणि यंदा तिच्या वयाची मर्यादा संपत होती. पुढची बोट शनिवारी. टेकडीवर जी थोडी रेंज मिळे तिच्यावर परीक्षा कशीबशी झाली असती. पण अख्खी सिस्टीम उतरवायची म्हटली, तर लितियाना नर्स होऊन निवृत्तही झाली असती. तेव्हा जे काही होतं ते त्या पेनड्राइव्हवर होतं. आपिसाईनं तो दोरीत ओवून गळ्यात घातला.

तीच चूक झाली. संध्याकाळी यांगोनाच्या, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या पेयाच्या, कटोऱ्याभोवती गाव बसलं असताना त्याचा मेहुणा वाइसाके समोरच होता, आणि त्याची नजर दोरीवर होती.

"दाजी, नवीन ताईत केलात वाटतं? ताईला घाबरून की काय?"

सगळे हसले. वाइसाकेला ती मुभा होती. मेहुण्यानं दाजींची थट्टा केली नाही तर लोक त्याची तब्येत विचारतात. पण आपिसाईच्या मते या थट्टेला एक धार होती. गेल्या नाताळात चर्चच्या गायकवृंदाचं नेतृत्व वाइसाकेकडून आपिसाईकडे आलं होतं, आणि तेव्हापासून मेहुणा त्याच्याशी जरा जास्तच चांगला वागत होता.

"पेनड्राइव्ह आहे. लितियानाचा."

"अरे वा! केरेकेरे, दाजी. एक रात्र द्या. सकाळी परत."

केरेकेरे म्हणून चारचौघांत मागितलं की द्यावं लागतं. आपण कंजूष आहोत असं गावाला कळण्यापेक्षा गळा देणं बरं. लॅपटॉपची बॅटरी नाहीतरी उद्याचं ऊन पडल्यावरच भरणार होती. आपिसाईनं दोरी मानेतून काढली. ती काढताना त्याला वाटलं, हा मागेल हे आधीच ठरलेलं होतं.

गुरुवारी सकाळी वाइसाके स्वतः आला. पेनड्राइव्ह केळीच्या पानात गुंडाळलेला होता आणि चेहऱ्यावर समाधान होतं. ते समाधान आपिसाईला अजिबात आवडलं नाही.

तासाभरानं लितियानानं पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू केला, बटण दाबून धरलं. काळ्या पडद्यावर एक ओळ आली: चालू करण्याजोगं काही सापडलं नाही. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तीच ओळ.

"राजनीलनं फसवलं," आपिसाई म्हणाला.

"बाबा, तुमच्या डोळ्यांसमोर चालू झालेलं ना तिथे?"

"मग तुझ्या मामानं."

"झालं," आतून त्याची बायको सेनिमिली म्हणाली. "माझ्या भावाचं नाव यायला आज इतका उशीर कसा झाला, हेच मी म्हणत होते."

लितियानानं पेनड्राइव्ह शेजारच्या मास्तरांच्या संगणकावर उघडून पाहिला. सिस्टीमचं नावही नव्हतं. होती ती भजनं. भजनांखाली रग्बीचे सामने. रग्बीखाली पुन्हा भजनं. तिचा चेहरा उतरला, आणि घरी येऊन तिनं पेनड्राइव्ह हळूच बापाच्या हातात ठेवला. ओरडली असती तर आपिसाईला सोपं गेलं असतं.

तो तडक वाइसाकेच्या घरी गेला.

"काय केलंस पेनड्राइव्हचं?"

"भरला!" वाइसाके उत्साहानं म्हणाला. "शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं का, दाजी? आईनं हेच शिकवलंय आम्हाला. तुमच्यात काय शिकवतात माहीत नाही."

"आत जे होतं ते?"

"एकही गाणं नव्हतं हो. नुसत्या फायली. एकाही फाईलला माणसानं ठेवावं असं नाव नाही. म्हटलं, दाजी शहरात गेले आणि कुणीतरी यांना घाण माल चिकटवला. साफ केला, धुतला, आणि मग भरला."

आपिसाईनं त्याच्या चेहऱ्यावर कपट शोधलं. फार शोधलं. सापडलं नाही, म्हणजे ते खोल होतं.

"उद्या पोरीची परीक्षा आहे. त्या घाणीवर तिचा लॅपटॉप चालू व्हायचा होता."

वाइसाकेचा उत्साह मावळला. मग हळूच म्हणाला, "दुसऱ्याच्या घरचं कुणी फेकून देतं का, दाजी? मी बाजूला काढून ठेवलंय."

त्याच्या जुन्या संगणकावर एक फोल्डर होतं. नाव होतं, 'दाजींचा कचरा'.

लितियानाला बोलावलं. तिनं फोल्डर वरपासून खालपर्यंत तपासलं आणि म्हणाली, "सगळं आहे. मामानं पेनड्राइव्ह नव्यानं फॉरमॅट केलेला नाही, नुसत्या फायली उचलल्यात. आपला लॅपटॉप तसा नवा आहे, सगळं होतं तसं परत ठेवलं तर चालू होईल बहुतेक. पण जागा लागेल. गाणी काढावी लागतील."

दिलेली भेट देणाऱ्याच्या देखत पुसणं म्हणजे काय, हे तिघांनाही ठाऊक होतं. मेहुणा "नाही" म्हणाला असता तर आपिसाईचा सगळा संशय एका क्षणात खरा ठरला असता, आणि आश्चर्य म्हणजे त्याला ते नको होतं.

तो घरी गेला आणि यांगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन परत आला. लग्नासाठी राखून ठेवलेली जुडी. मांडी घालून बसला, मागण्याच्या रीतीप्रमाणे जुडी पुढे ठेवली, टाळ्या वाजवल्या.

"केरेकेरे," तो म्हणाला. "माझा कचरा मला दे."

वाइसाकेला हसू दाबता येईना. "हे मी मरेपर्यंत सांगणार, दाजी. तुमच्या मयतालाही सांगणार."

"सांग. आधी दे."

"पुसा गाणी. पण एक ऐकून पुसा."

लितियानानं एक भजन लावलं. वाइसाके नेतृत्व करायचा तेव्हाचं. आपिसाईनं मन घट्ट करून ऐकलं. त्यात खर्जात एक आवाज फार सुरेख लागला होता. कुणाचा, असं विचारणार तेवढ्यात तो आपलाच आहे हे त्याच्या ध्यानात आलं. मग तो मेहुण्याकडे न बघता म्हणाला, "बरं आहे," आणि मुलीला खूण केली.

दुपारी लॅपटॉपवर निळा पडदा आला. आपिसाई तो पडदा जाईपर्यंत पाहत राहिला.

शुक्रवारी लितियाना टेकडीवर परीक्षेला बसली तेव्हा आपिसाई पाठीशी राखणीला उभा होता, मुख्यतः शेळ्यांवर नजर ठेवून. वाइसाके झाकलेलं भांडं घेऊन वर आला. आपिसाईनं झाकण उचलून पाहिलं. नारळाच्या दुधात शिजवलेला दालो, म्हणजे अळूचा कंद. पुन्हा उचलून पाहिलं. दालोच होता.

लितियानानं शेवटचं उत्तर पाठवलं, "गेलं!" म्हणून ओरडली आणि भांड्यावर तुटून पडली.

संध्याकाळी आपिसाईनं भांडं घासलं आणि परत करायला निघाला. दारापर्यंत जाऊन मागे फिरला; भांडं रिकामं होतं. घरात द्यावंसं काही नव्हतं. त्यानं पुन्हा गळ्यात घातलेली दोरी काढली आणि पेनड्राइव्ह भांड्यात ठेवला.

वाइसाकेनं भांडं हातात घेतलं, आत पाहिलं, मग दाजींकडे पाहिलं. त्याच्या कपाळाला बारीकशी आठी पडली.

"यात काय घातलंत?" त्यानं विचारलं.