आखूड पायाखालचा कागद

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि हो, जन्मापासून डुगडुगत आलेली. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. माझा मागचा डावा पाय जन्मतःच करंगळीच्या नखाएवढा आखूड. पण आजवर मी एकालाही पाडलेलं नाही. ज्याला पटत नसेल त्याने येऊन बसून बघावं!

माझा जन्म फर्निचरच्या कारखान्यात, उरल्यासुरल्या फळ्यांतून झाला. आमच्या ठेंगूचे बाबा तेव्हा नुकतेच सुतारकामाला लागले होते आणि मी त्यांच्या हातची पहिली खुर्ची. चौथा पाय कापताना त्यांनी एकदाच माप घेतलं, कारण त्या दिवशी त्यांचं लक्ष पट्टीपेक्षा समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे जास्त होतं. त्या नर्सबाई म्हणजे ठेंगूची आई. चूक बाबांची आणि नाव पडलं माझं, 'डुगडुगी'.

लग्न झालं तेव्हा घरात मी एकटीच खुर्ची होते. एक जण बसून जेवायचा, दुसरा उभ्याने, मग अदलाबदल. आल्यागेल्याला बाबा अभिमानाने सांगत, "माझ्या हातची पहिली!" मग चार नव्या गुळगुळीत खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झाली. खुर्चीसाठी माणसं एकमेकांच्या उरावर बसतात म्हणे. आमच्याकडे माझ्यावर बसायला कुणी तयार नव्हतं, चढायला मात्र सगळे तयार. वरच्या फळीवरचा डबा काढायचाय, आणा डुगडुगी. दिवा बदलायचाय, आणा डुगडुगी. आखूड पायाखाली पुठ्ठ्याची एक घडी सरकवली की झालं. "रविवारी बघतो हिच्याकडे," असं बाबा म्हणत. असे नऊ वर्षांचे रविवार गेले.

आता त्या सकाळचं ऐका. ठेंगू आठ वर्षांची, वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून हे नाव. त्या दिवशी तिची सहल दीपगृह बघायला जाणार होती. गेल्या वर्षीची सहल तापात बुडाली होती, त्यामुळे ही हातची जाऊ द्यायची नाही असं तिने ठरवलेलंच होतं. शाळेच्या बाईंनी बजावलं होतं, "पालकांच्या सहीचा कागद नसेल, तर बसमध्ये पाय ठेवायचा नाही." बस आठ वाजता सुटणार होती. आदल्या संध्याकाळी ठेंगूने माझ्या पायाखालचा पुठ्ठा काढला, त्याची सुरळी करून दुर्बीण बनवली आणि दप्तरात टाकली. सहीचा कागद बाबांनी सकाळी उठल्या उठल्या सही करून टेबलावर ठेवला.

साडेसहा वाजता आई माझ्यावर चढली. कडेवर ठेंगूचा दीड वर्षाचा भाऊ लोळ्या, गॅसवर दूध, आणि हवा होता वरच्या फळीवरचा त्याच्या खाऊचा डबा. पुठ्ठा नाही म्हटल्यावर मी डुगडुगले.

"अगं बाई, पाडतेस की काय!" म्हणत आई उतरली. टेबलावर हाताला लागला तो कागद तिने चार घड्या घालून माझ्या पायाखाली सारला आणि पुन्हा चढली. तेवढ्यात दूध उतू गेलं. कागद कसला होता हे तिने बघितलंच नाही.

सव्वासातला शोधाशोध सुरू झाली. दप्तर झालं, फ्रिजचा माथा झाला, धुण्याची बादली झाली. बाबांनी लोळ्याच्या तोंडात बोट घालून बघितलं, कारण मागच्याच महिन्यात त्याने डॉक्टरांची चिठ्ठी चघळली होती.

"सही करून इथेच ठेवला होता मी!"

"मग काय मी खाल्ला?" आईची दवाखान्यातली पाळी आठची होती, तिचा एकच बूट पायात होता.

मग बाबा माझ्यावर चढून कपाटाचा माथा धुंडाळू लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला तोंड असतं तर असं सुनावलं असतं! पण खुर्चीला बोलायला एक डुगडुगच येते, आणि त्या दिवशी तीही कागदाने बंद केली होती.

खाली उतरताना बाबांचा अंगठा माझ्या पायावर आपटला. "आई गं! आज हिला भंगारात देतोच!"

मला संताप आला. माप चुकवणारे हे आणि भंगारात मी?

पण माझ्या आधी ठेंगू उसळली. धावत येऊन ती माझ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं. "हिला हात लावायचा नाही! आणि मी सहलीला जाणार म्हणजे जाणार!" रागाने ती मागे-पुढे झाली. पुन्हा एकदा झाली. मग मुद्दाम आणखी एकदा, जोर लावून.

"बाबा, ही डुगडुगत नाहीये."

"बरं झालं मग."

"अहो, पण हिचा पुठ्ठा तर माझ्या दप्तरात आहे!"

आईने तोंडावर हात ठेवला. बाबांनी ठेंगूसकट मला तिरकं केलं आणि कागद निघाला. चुरगळलेला, पण सही जागच्या जागी. आठला दहा कमी असताना चौघं धडाधडा जिना उतरून पळाले. दार लावायचंही विसरले होते, मग बाबा एकटे परत आले.

संध्याकाळी ठेंगू उन्हाने लालबुंद होऊन परतली. कागद असा कसा, असं बाईंनी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं म्हणे, "त्याच्यावर आमची आई उभी होती." बाई हसल्या आणि तिला बसमध्ये घेतलं.

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "रविवारी नक्की."

"रविवार-बिविवार काही नाही. आत्ता!" ठेंगूने हत्यारांची पिशवी त्यांच्यासमोर आदळली. बाबांनी आशेने आईकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस? हिच्या पायाकडे बघ," आई म्हणाली. "मागे माझ्याकडे बघूनच हा घोटाळा केलास."

या वेळी बाबांनी दोनदा माप घेतलं. लाकडाचा एक तुकडा, थोडा गोंद, दोन बारीक खिळे. नऊ वर्षं जे काम राहिलं, ते सात मिनिटांत झालं.

मित्रांनो, मला तुमची दया नको. तुमच्या घरातही कुणीतरी डुगडुगत असेल. त्याच्या पायाखाली कागद सारून त्याला गप्प करू नका. खाली वाका आणि पाय बघा. आणि मला भंगारात द्यायचा विचार कुणाच्या मनात आलाच, तर आधी ठेंगूला विचारा. ती आत्ता माझ्यावर उभी राहून, पुठ्ठ्याची दुर्बीण डोळ्याला लावून खिडकीबाहेर बघते आहे, आणि तिचं बघून होईपर्यंत मी हलणार नाही.