भात्यावरची नेमणूक

माझे वडील पेटीच्या तिसऱ्या परीक्षेत नापास झाले. हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चाला. आमच्या घरात सगळे तसंच धरून चाललेत आणि कुणाचं काही अडलेलं नाही.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर पेटी शिकायला लागले आणि दुधाचे दात पडलेल्या पोरांच्या रांगेत बसून दोन परीक्षा पास झाले. तिसरीच्या चार महिने आधी, सकाळी दाढी करताना, त्यांच्या डाव्या हाताने कसलीही पूर्वसूचना न देता काम थांबवलं. डॉक्टरांनी त्याला पक्षाघात असं भारदस्त नाव दिलं. उजवा हात मात्र ठणठणीत. आता पेटीचं असं असतं, की उजवा हात पट्ट्या दाबतो आणि डावा मागचा भाता हलवून हवा भरतो. हवा नाही तर सूर नाही. बाबा महिनाभर मुक्या पट्ट्यांवर बोटं फिरवत बसायचे. टकटक, टकटक. टायपिंगच्या परीक्षेला बसले असते तर पहिले आले असते.

एका रविवारी आई मला म्हणाली, "बसलायस ना नुसता? जा, हवा घाल त्यांना."

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. संगीतातलं मला एवढंच कळतं, की ते चालू असताना मोठ्याने बोलू नये. तरी बाबांच्या समोर, पेटीच्या पलीकडे जाऊन बसलो आणि भाता धरला.

"अरे, सायकलमध्ये हवा भरतोयस का?"

"मग कशी घालू?"

"झोपलेल्या माणसाची छाती हलते तशी. हळू. मी वाजवतोय आणि तू ओरडतोयस!"

दहा दिवस मी ओरडलो. अकराव्या दिवशी माझं लक्ष त्यांच्या छातीकडे गेलं. ती वर येईल तसा मी भाता उघडायला लागलो, खाली जाईल तसा मिटायला. पेटी एकदम शहाण्यासारखी बोलायला लागली. बाबांनी दचकून वर बघितलं.

"कोण आलंय?" म्हणाले.

इतकी वर्षं आम्ही बापलेक फक्त गॅस सिलिंडर आणि उडालेले बल्ब या दोन विषयांवर बोलायचो. आता रोज संध्याकाळी तासभर समोरासमोर बसून त्यांवरही बोलत नव्हतो. मला ते फार आवडायला लागलं. दुकानात कुणाला सांगितलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. "परीक्षार्थी एकच हवा."

"एकच आहे," बाबा म्हणाले. "हा माझा डावा हात. जरा लांब लागलाय, एवढंच."

"याचं नाव?"

"हाताला नाव कशाला लागतं, मॅडम?"

बाई हसल्या नाहीत. "वाजवा. गुण देता येणार नाहीत, ऐकता येईल."

गत निम्मी झाली आणि बाबा अडकले. बोट एका पट्टीवर थांबलं. पुढचं आठवेना. नाकावर घामाचा थेंब. मला पुढचं माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. मला एकच गोष्ट येत होती, ती मी करत राहिलो. तो एकटा सूर खोलीभर उभा राहिला. बाहेर नंबर लावून बसलेली पोरं दारातून डोकवायला लागली. बाबा माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्या छातीकडे. आणि मग बोट निवांत पुढच्या पट्टीवर गेलं, जसं काही मुद्दामच थांबलं होतं.

बाईंनी कागदावर लिहिलं, 'अनुत्तीर्ण. पुढील वेळी एकट्याने यावे.' लिहिताना त्यांनी चष्मा काढून दोनदा पुसला. काच स्वच्छ होती. त्यातलं मला कळतं.

गेल्या आठवड्यापासून बाबांची डावी करंगळी हलते. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात भाता स्वतः हलवतील.

"सुटलास बघ तू!" बाबा मला म्हणाले.

मी टाळ्या वाजवल्या. खऱ्याच वाजवल्या. मग आतल्या खोलीत जाऊन अर्ज लिहिला:

'प्रति, माननीय अध्यक्ष, परीक्षा मंडळ. विषय: एका हाताबाबत. महोदय, सदर परीक्षार्थीचा डावा हात पूर्ण बरा होण्यास अर्जदाराची कोणतीही हरकत नाही. किंबहुना तो लवकरात लवकर बरा व्हावा. तथापि, बरा झाल्यानंतरही रोज सायंकाळी सहा ते सात या वेळेत तो अधिकृतपणे निकामी समजण्यात यावा, ही नम्र विनंती.'