कासवाचं थबकणं

"हे आमचं कासव नाहीये," समोर मांडी घालून बसलेली मुलगी म्हणाली आणि तिनं संगणकाकडे पाठच फिरवली.

घडीताईंनी पडद्यावरचं कासव पुन्हा एकदा चालवून पाहिलं. हे नाव त्यांना ऑफिसानं दिलेलं, कारण रुमालापासून प्रोग्रामपर्यंत हाती लागेल त्याची त्या घडी घालत. मुलांच्या या खेळात प्रत्येक प्राण्याचं चालणं, खाणं, ओरडणं निरनिराळं लिहिलेलं होतं. चालण्यात चूक निघाली की ती प्रत्येक प्राण्याच्या दारोदार हिंडून निस्तरायची. ताईंनी महिनाभर खपून 'चालणं' एका मॉड्यूलमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एका सुट्या कप्प्यात ठेवलं, 'खाणं' दुसऱ्यात, 'आवाज' तिसऱ्यात. ज्याला जे हवं ते त्यानं तिथून घ्यावं. बदकानं घ्यावं, हत्तीनंही घ्यावं. आता सगळे प्राणी कसे शहाण्यासारखे चालत होते.

मुलांना तेच नको होतं.

जुनं कासव अर्ध्या वाटेत थांबायचं, मान वळवून इकडेतिकडे बघायचं आणि मग पुढे निघायचं. ती खरं तर ताईंचीच चूक. साफसफाईत धुऊन गेली. पण मुलं त्या थांबण्यासाठीच खेळतात, असं खेळ पाहायला मुलांना ऑफिसात घेऊन आलेल्या शाळेच्या बाईंनी सांगितलं.

साहेब दारातच घाईत उभे होते. "जुनाच खेळ लावा. शाळेचा होकार आज हवाय मला. तुमच्या घड्या राहू द्या."

म्हणजे महिन्याची मेहनत पाण्यात. कासवापुरतं जुनं चालणं चिकटवून टाका, असं शेजारच्या टेबलावरून कुणी सुचवलं. ताईंना ते पटेना. आज कासव रुसलं, उद्या उंट रुसेल. त्यांनी चहा होईपर्यंतची सवड मागून घेतली आणि एक इवलंसं नवं मॉड्यूल लिहिलं: थबकणं. चालण्याला हातही न लावता कासवाला तेवढं जोडून दिलं.

कासव निघालं. अर्ध्यात थबकलं. मान वळवली.

मुलगी हळूच सरकत पुढे आली. "हत्तीला पण द्या ना, आजी."

"आजी नाही गं, ताई," घडीताई म्हणाल्या, पण दिलं. एका ओळीचं तर काम.

बाईंनी साहेबांना हसून सांगितलं, हाच खेळ द्या. साहेब निघाले, तेवढ्यात पडद्यावरचा हत्ती वाटेत उभा राहिला आणि सावकाश इकडेतिकडे पाहू लागला. साहेबांचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. हत्तीचं बघून होईपर्यंत खोलीत कोणीच घाई केली नाही.