मेम्फिस ते ओमाहा, वेफर्स

मोठ्या कंपनीत ट्रक चालवायला लागलं की वरिष्ठ म्हणून माणूस मिळत नाही, आवाज मिळतो. माझ्या वाट्याला शेल्बी नावाचा आवाज आला. वय सव्वीस, मुक्काम टेक्सासमधल्या एका इमारतीचा चौथा मजला, आणि हाताखाली त्रेपन्न ट्रक. त्यांतल्या एकाही ट्रकमध्ये ती कधी चढली नव्हती.

"माझं नाव लोवेल वानेक," मी पहिल्या दिवशी सांगितलं.

"हो हो, एकसष्ट-चारशे आठ," शेल्बी म्हणाली.

तो माझ्या ट्रकचा नंबर. एकवीस वर्षं मी कॉलेजात इतिहास शिकवला. मग कॉलेजने इतिहास बंद केला आणि मी बावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं. वर्गात ज्यांना मी हजेरीच्या नंबराने हाका मारल्या त्या सर्वांची या निमित्ताने माफी मागतो.

नोकरीला सहा आठवडे झाले होते आणि मला एकच गोष्ट हवी होती. शनिवारी दुपारी चार वाजता, नेब्रास्कातल्या आमच्या क्रीट गावी, माझ्या मुलीचं, मार्गोचं लग्न होतं, आणि मला तिथे असायचं होतं. रजा मी पाच आठवडे आधी मागितली होती. म्हणजे ट्रकमधल्या यंत्रावर तारीख टाकली होती, आणि यंत्राने "विनंती मिळाली" असं कळवलं होतं. ती मान्य झाली असं ते कुठेच म्हणालं नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. जुने करारनामे वाचण्यात माझी हयात गेली आहे, म्हणून सांगतो: इतकं सावध वाक्य मी क्वचित पाहिलंय.

बुधवारी संध्याकाळी मी जॉर्जियात होतो. यंत्र वाजलं. पुढचा माल स्पोकेनला.

"शेल्बी, स्पोकेन वॉशिंग्टन राज्यात आहे."

"हो ना! छान भाग आहे म्हणे."

"माझं घर नेब्रास्कात आहे. शनिवारी मुलीचं लग्न आहे."

"मग वाटेवरच आहे की."

"मालासकट जाऊ लग्नाला? चर्चबाहेर सत्तर फुटी ट्रक लावून?"

"लावता येतो का तिथे?" तिने अगदी मनापासून चौकशी केली.

मी तिला पाच आठवड्यांपूर्वीची तारीख सांगितली. कळफलकाचा बराच वेळ टकटकाट झाला.

"सापडली. 'विनंती मिळाली.'"

"मग?"

"मिळालीय."

शेवटी तिला दया आली असावी. मेम्फिसच्या आवारातून भरलेला ट्रेलर घ्यायचा, शनिवारी सकाळी आठला ओमाहाला पोचवायचा, आणि तिथून घरी. ओमाहापासून क्रीट सव्वा तासावर. माल काय, तर बटाट्याचे वेफर्स. मी तिला देवदूत म्हणालो. ती म्हणाली, "या कॉलला किती गुण द्याल?"

मला शिकवणारा टिलरी हा आर्कान्सासचा. त्याच्याबरोबर मी चार आठवडे एकाच केबिनमध्ये काढले होते. तो खालच्या बंकवर, मी वरच्या. त्याने मला तीन गोष्टी शिकवल्या. मोज्यांची पिशवी केबिनबाहेर टांगायची. ट्रक मागे घेताना शंका आली की उतरून बघायचं. "आरसे खोटं बोलतात, मास्तर. लाज वाटली तरी उतर." आणि ट्रेलर जोडला की मागे दारापर्यंत चालत जाऊन सील बघायचं. सील नसेल तर ट्रेलर भरलेला नाही.

शुक्रवारी सकाळी मेम्फिसच्या आवारात तीनशे पांढरे ट्रेलर उभे होते. सगळे त्रेपन्न फुटी आणि इतके सारखे की त्यांच्या आयांनाही ओळखू आले नसते. मी उतरलो, माझा ट्रेलर शोधला, नंबर ताडून पाहिला आणि परत येऊन, तो जोडण्यासाठी ट्रकची पाठ त्याच्याखाली सरकवायला, ट्रक मागे घ्यायला लागलो.

नवखा गडी मागे घेताना दिसला की हातातलं काम टाकून बघत उभं राहायचं, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. तिघे कॉफी घेऊन आले. चौथ्याने घडीची खुर्ची आणली.

"आजोबा, डावीकडे! तुमच्या डावीकडे!"

"अरे, राहू दे. पेन्शन लागेपर्यंत लावतील."

आणि मी पहिल्या फटक्यात आत गेलो. सरळ रेषेत. सहा आठवड्यांत असं एकदाही झालं नव्हतं. चौघांनी टाळ्या वाजवल्या. खुर्चीवाला उठून उभा राहिला. वर्गात मला एकवीस वर्षांत एक टाळी पडली नव्हती. मी नळ्या जोडल्या, ट्रेलरचे पाय वर घेतले, सगळ्यांना हात केला आणि निघालो. अशा वेळी मागे दारापर्यंत चालत जाणं मला कोत्या मनाचं वाटलं.

मी सरळ आत गेलो होतो तो शेजारच्या ट्रेलरखाली.

फाटकावर पूर्वी माणूस असायचा, तो नंबर बघायचा. आता कॅमेरा आहे. त्याने माझा सुरेख फोटो काढला. ते फोटो कोणी बघत नाही, नुसते जपून ठेवतात.

मिसुरीच्या चढांवर ट्रक हरणासारखा पळाला. मी मनात म्हटलं, वेफर्स! दुपारी टिलरीचा फोन आला.

"काय भरलंय, मास्तर?"

"वेफर्स."

"मग वाऱ्यात जपून. सील बघितलंस ना?"

"बघितलं," मी म्हणालो. खोटं बोलायचं नव्हतं. शिक्षकाने विचारल्यावर विद्यार्थी जे म्हणतो ते तोंडातून निघून गेलं.

शनिवारी पावणेआठला ओमाहाच्या गोदामात माल उतरवून घ्यायला ग्वेन नावाची बाई आली. साठीची, गळ्यात चष्मा, हातात सील तोडायची कात्री.

"सील कुठाय?"

सील नव्हतं. मी दारं उघडली. आत त्रेपन्न फूट लांबीचा स्वच्छ उजेड होता आणि टोकाला एक फळी.

"वेफर्स कुठायत?" ग्वेनने विचारलं.

"मेम्फिसला."

तिने चष्मा लावून पुन्हा एकदा आत पाहिलं. "तशी पाकिटात निम्मी हवाच असते म्हणा. तेवढी आणलीत तुम्ही."

मी शेल्बीला फोन लावला. सगळं ऐकून ती पहिल्यांदाच माझ्याशी हळू आवाजात बोलली.

"हे बघा, माझ्या पडद्यावर तुमचा माल 'वाटेत आहे' असं दिसतंय. ते मी तसंच ठेवते. तुम्ही आत्ता वळा, मेम्फिसहून खरा ट्रेलर घ्या, सोमवारी ओमाहाला द्या. उशीर लागेल, पण कोणाला कळणार नाही."

"आणि दुसरं काय करता येतं?"

"'मालाची तूट.' पण ते बटण दाबलं की सुरक्षा विभागाकडे जातं. तुम्ही नवे आहात. नव्यांना काढून टाकतात."

घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती; मेम्फिसला वळलो तर लग्न चुकणार होतं. घरी कर्जाचा हप्ता होता, लॉरेनच्या, म्हणजे बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन कंपनीच्या विम्यावर ठरलं होतं. इतिहासाची जागा राज्यात कुठेही निघालेली नव्हती.

"तूट दाबा," मी म्हणालो.

"एकसष्ट-चारशे, अहो, नीट विचार करा."

"केला. दाबा, शेल्बी."



"मुलीचं नाव काय म्हणालात?"

"मार्गो."

"दाबलं."

चार मिनिटांत सुरक्षा विभागातल्या गृहस्थाचा फोन आला. या कंपनीत इतकी चपळ माणसं आहेत याची मला कल्पना नव्हती. ट्रक जागेवरून हलवू नये. किल्ल्या गोदामात द्याव्यात. तत्काळ घरी जावं आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत तिथेच राहावं.

"घरी?" मी विचारलं.

"घरी! घर आहे ना तुम्हाला?"

सहा आठवड्यांत हा प्रश्न कोणी पहिल्यांदाच विचारला होता.

मी ग्वेनला लग्नाचं सांगितलं. तिची पाळी बाराला संपत होती. "क्रीटला सोडते," ती म्हणाली. "वानेक, म्हणजे लग्न चेक लोकांचं ना? कोलाच असतील?"

कोलाच म्हणजे आमच्याकडचे गोड भरलेले बन. "चारशे आहेत," मी म्हणालो.

"खसखशीचे?"

"निम्मे."

"बसा गाडीत." वाटेत मी तिला मेम्फिसच्या टाळ्यांपासून सगळं सांगितलं. तिने लिंकन येईपर्यंत ऐकून घेतलं आणि मग दोनदा गाडी बाजूला घेऊन हसली.

चार वाजायला दोन मिनिटं असताना सूट घालून मी चर्चच्या दारात मार्गोशेजारी उभा राहिलो. ऑर्गन सुरू झाला.

"बाबा, मला वाटलं सोडणार नाहीत तुम्हाला. किती दिवसांची रजा?"

"चौकशी संपेपर्यंत."

"चौकशी? काय केलंत?"

"नंतर सांगतो. चल, लोक बघतायत."

"आत्ता सांगा. नाहीतर मी हलणार नाही."

आईवर गेली आहे, हलली नसती. मग मी तिच्या कानात सांगितलं. ट्रेलर, टाळ्या, साडेसहाशे मैल, फळी. ऑर्गनवाला दोनदा शेवटापर्यंत जाऊन पुन्हा सुरुवातीला आला. मार्गोने फुलांचा गुच्छ तोंडावर धरला. तिचे खांदे हलायला लागले, मग ती वाकली आणि तिने बाकाची कड पकडली. तिकडे वेदीपाशी नवरा मुलगा पांढराफटक पडला.

नवरीला आई-बाप सोडवत नाहीत, असं वाटून लॉरेनने रुमाल काढला. तिचं पाहून पहिल्या रांगेने काढला, मग दुसरीने. तिसऱ्या रांगेपर्यंत पोचेस्तोवर सगळं चर्च मुसमुसत होतं. सर्वांत मोठ्याने, शेवटच्या बाकावरून, ग्वेन रडत होती. तिला तर सगळं माहीत होतं.